दिवे लुकलुकणारा ५६के मोडेम: डायल-अपसाठी बाहेरचा सिरीयल डबाच का घ्यावा

मोडेमच्या दर्शनी पट्टीवर सात-आठ लाल दिवे असतात आणि प्रत्येकाखाली दोन-तीन इंग्रजी अक्षरं. विकत घेताना ते शोभेचे वाटतात. डायल-अप, म्हणजे नंबर फिरवून टेलिफोन लाइनीवरून मिळवलेलं इंटरनेट, लावायला बसलं आणि काही केल्या लाइन लागेना झाली, की कळतं, पैसे त्या दिव्यांचेच दिले होते. संगणकाच्या पोटात बसणारं पीसीआय कार्ड किंवा अंगठ्याएवढा यूएसबी मोडेम 'लागत नाही' एवढंच सांगतो. बाहेरचा डबा कुठे अडलंय ते दाखवतो.

इथे ज्याबद्दल लिहितोय तो मोडेम म्हणजे स्वतःचा कंट्रोलर असलेला, आरएस-२३२ सिरीयल पोर्टला (संगणकामागचं ९ पिनांचं जुनं भोक) लागणारा, व्ही.९० किंवा व्ही.९२ मानकाचा. जुना संगणक पुन्हा उभा करणाऱ्यांना आणि तांब्याच्या टेलिफोन लाइनीपलीकडे दुसरा पर्यायच नसलेल्यांना तो अजूनही लागतो. बहुतेक वेळा तो वापरलेलाच मिळतो, म्हणून घेताना काय बघायचं तेही खाली आलंय.

आधी कंट्रोलरची भानगड. मोडेमची कामं दोन. एक, आकड्यांचे आवाज आणि आवाजांचे आकडे करणं. दुसरं, जे कंट्रोलर करतो ते, म्हणजे आज्ञा समजून घेणं, चुका सुधारणं, माहिती दाबून लहान करणं. स्वस्तातल्या आतल्या कार्डांनी, ज्यांना विनमोडेम म्हणायची पद्धत पडली, यातलं एक किंवा दोन्ही कामं संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलली. मग ड्रायव्हर नसेल तर कार्ड म्हणजे नुसता पत्रा. ड्रायव्हर असला तरी प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की लाइन तुटू शकते. लिनक्सवर तर अशा कित्येक कार्डांना ड्रायव्हर मिळता मिळत नाही. कंट्रोलरवाल्या सिरीयल मोडेमला मुळात ड्रायव्हर असा लागतच नाही. विंडोजला जी फाइल दिली जाते ती म्हणजे आज्ञांची यादी. ती हरवली तरी 'स्टँडर्ड मोडेम' निवडून काम भागतं.

घेताना पहिली नजर अडॅप्टरवर टाका. काही बाहेरच्या मोडेमना डीसी नाही, एसी देणारा अडॅप्टर लागतो. पिन बसते म्हणून दुसऱ्या कुठल्या यंत्राचा लावला तर मोडेम मुका राहतो किंवा जळतो. डब्याच्या तळाशी छापलेलं व्होल्टेज आणि एसी-डीसीचं चिन्ह अडॅप्टरशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी नजर मानकावर. व्ही.९० हे मानक १९९८ साली ठरलं. त्याआधी ५६केचे (सेकंदाला ५६ किलोबिट) दोन तट होते, एक्स२ आणि के५६फ्लेक्स, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नसे. त्या काळातला मोडेम नंतर व्ही.९० ला अपग्रेड झालेला नसेल तर आजच्या सर्व्हरशी तो ३३.६ किलोबिटच्या वर जाणार नाही, खोक्यावर ५६के कितीही मोठ्या अक्षरांत असो. व्ही.९२ हे २००० सालचं. त्यात जोडणी लवकर होते, अपलोडची मर्यादा ३३.६ वरून ४८ किलोबिटवर जाते आणि मध्येच फोन आला तर कनेक्शन थोपवून ठेवता येतं. पण हे सगळं पलीकडच्या, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरलाही येत असेल तरच. नुसत्या व्ही.९२ साठी जास्त पैसे मोजू नयेत.

केबल हा दुर्लक्षित विषय आहे. मोडेमच्या बाजूला बहुधा २५ पिनांचं भोक असतं आणि संगणकाच्या बाजूला ९ पिनांचं. केबल सरळ हवी. दोन संगणक जोडायची 'नल मोडेम' केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात तारा उलटसुलट केलेल्या असतात. ती लावली की मोडेम काहीच उत्तर देत नाही. माउससाठी मिळणारा ९ ते २५ पिनी जोड तर त्याहून फसवा. त्यात सगळ्या तारा असतीलच असं नाही. मोडेम 'ओके' म्हणतो, नंबरही फिरवतो, आणि डाउनलोड सुरू झालं की चुका येऊ लागतात, कारण 'जरा थांब' सांगणारी तारच जोडलेली नसते. नव्या संगणकाला सिरीयल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर चालतो, मात्र आरटीएस आणि सीटीएस या 'थांब' आणि 'चल' सांगणाऱ्या दोन्ही तारा असलेलाच घ्यावा.

मागे टेलिफोनची दोन भोकं असतात, एक 'लाइन' आणि एक 'फोन'. भिंतीकडून आलेली वायर 'लाइन'मध्ये. उलट लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण काही मोडेमवर तसं लावूनही फोन चालतो आणि संशय येत नाही. ऑफिसच्या डिजिटल एक्स्टेंशनमध्ये मोडेम लावू नये. तिथला विद्युतदाब वेगळा असतो आणि मोडेम बाद होऊ शकतो. त्याच लाइनीवर एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, असेल तर फोनला लागतो तसा फिल्टर मोडेमलाही लागतो.

संगणकाला हात लावण्याआधी लाइन कानाने तपासावी. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबायचा म्हणजे डायल टोन थांबतो, आणि मग पाच-सात सेकंद ऐकत राहायचं. चांगल्या लाइनीवर शांतता असते. घूं असा सलग आवाज आला तर वायर विजेच्या तारेजवळून गेली असावी. खरखर असेल तर कुठेतरी सांधा गंजलाय किंवा ओल आहे. बोलताना ही खरखर खपून जाते, मोडेमला खपत नाही. घरातली बाकीची एक्स्टेंशनं काढून, मोडेम थेट लाइन घरात शिरते त्या पहिल्या खोक्याशी लावून बघावा. तिथे वेग वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा, आणि ते बदलणं आपल्या हातात आहे.

आता विंडोज ९८. 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'मोडेम्स', तिथे 'ॲड'. मोडेम आधीच चालू करून ठेवला असेल तर तो आपोआप सापडतो. मग 'डायग्नोस्टिक्स'मध्ये जाऊन पोर्ट निवडा आणि 'मोअर इन्फो' दाबा. इथे यूएआरटी, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणारी चिप, कोणता आहे ते दिसतं. १६५५०ए असेल तर उत्तम. त्यात १६ बाइटची साठवण असते. ८२५० किंवा १६४५० असेल तर एकेक बाइट उचलावी लागते आणि वेगात बाइट गळतात. पोर्टचा वेग ११५२०० ठेवावा. लाइन तर ५६००० ची, मग इतका कशाला? कारण मोडेम मजकूर दाबून पाठवतो. व्ही.४२बिस पद्धतीत साधा मजकूर चारपटीपर्यंत आवळला जाऊ शकतो, आणि तो उलगडल्यावर संगणकापर्यंत यायला पोर्ट रुंद हवा. त्याशेजारची 'ओन्ली कनेक्ट ॲट धिस स्पीड' ही खूण मात्र करू नये. फ्लो कंट्रोल, म्हणजे 'जरा थांब' सांगायची सोय, हार्डवेअरवर ठेवावी.

पुढे 'माय कॉम्प्युटर'मधलं 'डायल-अप नेटवर्किंग' उघडा. 'मेक न्यू कनेक्शन' नाव विचारतं, मोडेम विचारतं, नंबर विचारतं, आणि संपलं म्हणतं. संपलेलं नसतं. तयार झालेल्या चित्रावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'यूज एरिया कोड अँड डायलिंग प्रॉपर्टीज' ही खूण काढा. ती राहिली की विंडोज स्वतःच्या हिशोबाने नंबराआधी कोड लावतं आणि भलतीकडे फोन लागतो. 'सर्व्हर टाइप्स'मध्ये पीपीपी (फोन लाइनीवरून इंटरनेट चालवायची पद्धत) असू द्या. 'लॉग ऑन टू नेटवर्क', 'नेटब्युई' आणि 'आयपीएक्स' या तिन्ही खुणा काढा, फक्त टीसीपी/आयपी ठेवा. 'लॉग ऑन टू नेटवर्क' चालू राहिलं तर पासवर्ड बरोबर असूनही 'व्हेरिफाइंग' या शब्दावर उगाच बराच वेळ जातो, कारण विंडोज तिथे नसलेलं ऑफिस-नेटवर्क शोधत बसतं. आयपी पत्ता आणि नेम सर्व्हर दोन्ही सर्व्हरकडूनच घ्यायचे, कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तेवढे सोडून. 'आयपी हेडर कॉम्प्रेशन' चालू असू द्या. प्रत्येक पाकिटाचा ४० बाइटचा मथळा त्याने तीन-चार बाइटांवर येतो, आणि या वेगाला तेवढंही जाणवतं.

'सेव्ह पासवर्ड' ही चौकट कधी कधी फिकी दिसते आणि खूण करूच देत नाही. त्याचं कारण मोडेममध्ये नसतं. विंडोज सुरू होताना नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी 'कॅन्सल' करून आत आलात की असं होतं. पुन्हा लॉग-ऑफ करून नाव टाकून या, चौकट जिवंत होते.

एक्सपीवर हेच काम सोपं आहे. 'नेटवर्क कनेक्शन्स', 'क्रिएट अ न्यू कनेक्शन', इंटरनेट, 'सेट अप मॅन्युअली', डायल-अप मोडेम. नंतर 'नेटवर्किंग' टॅबमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ची खूण नसल्याची खात्री करा आणि फायरवॉल चालू ठेवा. डायल-अपवर मधे राउटर नसतो. संगणक सरळ उघड्यावर असतो, हे विसरलं जातं.

लिनक्सवर पहिला पोर्ट 'टीटीवायएस०' आणि यूएसबी मोडेम बहुधा 'टीटीवायएसीएम०' या नावाने दिसतो. 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' हा प्रोग्राम चालवला की मोडेम शोधून फाइल तयार होते. त्यात नंबर, नाव आणि पासवर्ड भरायचे आणि त्या तीन ओळींपुढचे अर्धविराम काढायचे. वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल तर पोर्ट उघडणार नाही. कनेक्ट होऊनही पुढे सरकत नसेल तर 'स्टुपिड मोड' चालू करा. मग सर्व्हरच्या प्रश्नांची वाट न बघता थेट पीपीपी सुरू होतं.

मोडेमशी बोलायची भाषा हेज कंपनीने १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये आणली, आणि तीच आजवर चालते. प्रत्येक आज्ञेआधी 'एटी', सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. 'हायपरटर्मिनल'सारख्या प्रोग्राममध्ये एटी टाइप करून एंटर दाबलं आणि 'ओके' आलं म्हणजे केबल, पोर्ट आणि मोडेम तिन्ही ठीक. हे आधी करावं, मग विंडोजला दोष द्यावा. 'एक्स्ट्रा सेटिंग्ज' या रकान्यात घालण्याजोग्या आज्ञा मोजक्याच आहेत. एक्स३ म्हणजे डायल टोनची वाट न बघता नंबर फिरव. टोन वेगळ्या सुराचा असेल, किंवा व्हॉइसमेलमध्ये निरोप पडून असल्यामुळे तो तुटक येत असेल, तर मोडेमला तो ओळखू येत नाही. तिथे ही लागते. एस११ मध्ये प्रत्येक आकड्याचा सूर किती मिलिसेकंद वाजवायचा ते असतं. एक्स्चेंज आकडे गाळत असेल तर हे वाढवावं. एस१० म्हणजे पलीकडचा सूर किती दशांश सेकंद गायब झाला तरी फोन ठेवायचा नाही. ५० दिलं की पाच सेकंद धीर धरतो. एम० ने स्पीकर बंद होतो. निदान पहिले काही दिवस तरी तो बंद करू नका.

कारण तो आवाज म्हणजे मोडेमची तपासणी आहे. नंबर फिरला, पलीकडून उचललं, की एक सरळ उंच सूर येतो, २१०० हर्ट्झचा, मधे मधे किंचित टिचकी मारल्यासारखा. त्याने लाइनीवरचे प्रतिध्वनी मारणारे यंत्र बंद होतात. त्यानंतर चिवचिव, ती दोन्ही मोडेमची ओळखपाळख. मग लाइनीची चाचणी घेणारे एकत्र वाजणारे सूर आणि शेवटी फसफस. फसफस एकदाच येऊन आवाज थांबला तर लाइन चांगली. फसफस, पुन्हा सूर, पुन्हा फसफस असं दोन-तीनदा झालं तर दोघांचं एकमत होत नाहीये आणि वेग कमी मिळणार हे आधीच कळतं. चिवचिवीऐवजी माणसाचा 'हॅलो' ऐकू आला तर नंबर तपासा, आणि समोरच्याची माफी मागा.

दिव्यांचं वाचनही असंच. टीआर पेटत नसेल तर प्रोग्रामने पोर्ट उघडलेलाच नाही. ओएच म्हणजे रिसीव्हर उचलला. ओएच पेटला, पण स्पीकरमध्ये डायल टोन नाही, म्हणजे वायर चुकीच्या भोकात किंवा मेलेली. एसडी लुकलुकतो आणि आरडी ढिम्म, म्हणजे संगणक बोलतोय पण मोडेम गप्प, केबल बघा. सीडी पेटला म्हणजे पलीकडच्या मोडेमशी जुळलं. सीडी पेटून एसडी-आरडी चार-सहा वेळा झरझर लुकलुकले आणि मग सीडी विझला, तर लाइनीला शिव्या देऊ नका. ते नाव, पासवर्ड किंवा पीपीपीचं दुखणं आहे. पान उतरत असताना सीडी अचानक विझला तर मात्र लाइनच तुटली. घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीत फोन उचलला नाही ना, ते आधी विचारा. मग कॉल वेटिंगकडे वळा. लाइन तोडायला कॉल वेटिंगची एक बीप पुरते. ती बंद करायचा एक्स्चेंजचा कोड नंबराआधी टाकून पुढे स्वल्पविराम द्यावा. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांची थांबणूक.

विंडोजचे एरर नंबर दिव्यांइतके बोलके नाहीत, तरी ६८० म्हणजे डायल टोन नाही, ६७६ म्हणजे एंगेज, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही आणि ६९१ म्हणजे नाव-पासवर्ड नामंजूर, एवढं लक्षात ठेवावं. ६९१ ला आधी कॅप्स लॉक बघा, मग कंपनीला नावापुढे ॲट चिन्ह आणि डोमेन लागतं का ते. ६३३ आलं तर पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय, बहुधा फॅक्स घेणाऱ्या प्रोग्रामने. ७१८ मध्ये मोडेम जुळलेले असतात पण सर्व्हर पुढे बोलत नाही; एकदा आलं तर पुन्हा लावा, दर वेळी आलं तर कंपनीला विचारा.

वेगाबद्दल खोक्यावरचा आकडा सोडून द्या. ५६ किलोबिट हे फक्त आपल्याकडे येणाऱ्या दिशेने, तेही कंपनीचा सर्व्हर एक्स्चेंजशी डिजिटल जोडलेला असेल आणि वाटेत ॲनालॉग-डिजिटलची अदलाबदल एकदाच होत असेल तर. चांगल्या लाइनीवर ४४ ते ५० हजार ही समाधानाची पातळी. विंडोज ११५२०० दाखवत असेल तर तो पोर्टचा वेग आहे, लाइनीचा नव्हे. रॉकवेल चिपच्या मोडेमवर डब्ल्यू२ ही आज्ञा घातली की खरा आकडा दिसतो.

त्या आकड्यात एक खूण दडलेली असते. २६४००, २८८००, ३१२००, ३३६०० हे २४०० च्या पटीतले आकडे व्ही.३४ चे, म्हणजे व्ही.९० आधीच्या ३३.६ किलोबिटवाल्या मानकाचे. ४२६६६, ४४०००, ४५३३३ असे १३३३ च्या पायऱ्यांनी चढणारे व्ही.९० चे. मोडेम व्ही.९० चा असूनही दर वेळी पहिल्या गटातलाच आकडा येत असेल तर बहुधा तुमच्या आणि कंपनीच्या मधे एक अदलाबदल जास्त आहे, आणि मोडेम बदलून काहीही फरक पडणार नाही. उलट बाजूही आहे. ४५३३३ ला जुळून दर दोन मिनिटांनी अडखळणाऱ्या लाइनीपेक्षा ३१२०० ला स्थिर राहणारी लाइन प्रत्यक्षात वेगवान. तिथे मोडेमला मुद्दाम व्ही.३४ वर बांधून ठेवावं. रॉकवेल घराण्याच्या चिपवर त्यासाठी अधिक चिन्ह, एमएस, बरोबर चिन्ह आणि व्ही३४ अशी आज्ञा आहे, बाकीच्यांची माहितीपुस्तिकेत असते. राउटरच्या फोन-भोकातून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजी लाइनीवर, व्ही.९० ची आशा धरू नये.

४५३३३ म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच हजार बाइट. एक मेगाबाइटला तीन मिनिटांहून थोडं जास्त. ३१२०० ने एक मेगाबाइटचा फोटो वर चढवायला साडेचार मिनिटं. झिप आणि जेपेग आधीच आवळलेले असतात, त्यांना मोडेमच्या दाबण्याचा काही फायदा नाही. त्यामुळे आपोआप होणारे अपडेट आणि फाइल-साठवण सेवा बंद ठेवा, ईमेलची आधी फक्त शीर्षकं उतरवा, ब्राउझरमध्ये चित्रं बंद. विंडोज ९८ च्या जमान्याच्या ब्राउझरना आजच्या साइटना लागणारं टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) येत नाही. मोडेम नीट चालत असूनही पान उघडत नाही ते त्यामुळे.

तक्रारी आहेतच. डबा टेबलावर जागा खातो, अडॅप्टर शेजारचंही सॉकेट अडवतो, सिरीयल केबलचे स्क्रू पिळायला बोटं पुरत नाहीत. फक्त लॅपटॉपवर अधूनमधून ईमेल बघायची असेल तर कंट्रोलरवाला यूएसबी मोडेम पुरे. तो गरम होतो, पण खिशात मावतो. विनमोडेम फुकट मिळाला तरच आणि आपण वापरतो त्याच विंडोजचा ड्रायव्हर सोबत असेल तरच घ्यावा. ज्यांना रोज लाइन लावायची आहे त्यांनी डबाच घ्यावा, आणि आभाळ गडगडायला लागलं की नुसता बटनाने बंद न करता भिंतीतून टेलिफोनची वायरही काढावी. वीज त्या वाटेनेही आत येते.